बिकॉज पोर्के

उत्तमरावांना इंग्रजी येतं की नाही याबद्दल गावात एकच मत होतं, आणि ते उत्तमरावांचं होतं. पंचायत समितीत जन्मभर लिपिकी करून ते निवृत्त झाले आणि सिद्धेश्वरच्या कालव्यावरच्या आपल्या गावी येऊन हळद करू लागले. तेव्हापासून गावात कुणाच्याही मोबाइलवर इंग्रजी मेसेज आला की तो माणूस त्यांच्या ओसरीवर यायचा. उत्तमराव चष्मा लावून मेसेज वरपासून खालपर्यंत दोनदा वाचत आणि म्हणत, "कंपनीचा हाय. भ्यायचं काम न्हाई." बहुतेक मेसेज कंपनीचेच असतात, त्यामुळे त्यांचा लौकिक टिकून होता.

तो तसाच टिकला असता. पण त्यांचा एकुलता एक मुलगा शिवहार शेतकीचं पुढचं शिक्षण घ्यायला स्पेनमध्ये वालेन्सियाला गेला, तिथे काही वर्षं शहाण्यासारखा राहिला, आणि एका सकाळी फोन करून म्हणाला की त्याला लुसिया नावाची तिथलीच मुलगी पसंत आहे.

आशाबाईंनी आरडाओरडा केला नाही. त्यांनी फोन हातात घेतला आणि एवढंच सांगितलं, "लगीन करायचं तं या दारात कर. नागनाथाच्या पाया पड, माह्या डोळ्यादेखत अक्षता पडू दे. तिकडं कचेरीत सह्या करून आलास तं मी तुहं तोंड बघायची न्हाई." यानंतर त्यांनी तो विषयच टाकला. शिवहारने लुसियाचं नाव काढलं की त्या मुकाट्याने फोन लेकीच्या, मंजुषाच्या हातात देत आणि भांडी घासायला बसत. घासलेली असली तरी.

इकडे आशाबाईंचं हे असं, आणि तिकडे लुसियाची आई पिलारबाई इतक्या लांब यायला तयार नव्हत्या; हे आशाबाईंच्या कानापर्यंत पोचलंही नाही. शिवहार मधल्यामध्ये वाळून गेला. शेवटी त्याने वडिलांना गाठलं.

"बाबा, तिच्या आईशी तुमीच बोला. मी मधात बोललो की त्यांना वाटतं, हा आपल्या मतलबाचं सांगून राहिला. वडील माणसाचं वजन पडतं. त्या बी तुमच्याशी बोलायचं म्हणून इंग्रजी शिकून राहिल्या."

"त्यात काय," उत्तमराव म्हणाले. (पुढचं सगळं रामायण या दोन शब्दांतून झालं.)

"मंग जरा बोलून दाखवा. काय बोलणार?"

उत्तमरावांनी घसा साफ केला. "हाऊस बिग. बफेलो टू. सन वन. मॅरेज हिअर. कम."



"बाबा," शिवहार जपून म्हणाला, "हे धमकी दिल्यासारखं वाटून राहिलं. शब्द सुटे सुटे पडतात तुमचे. ते जोडावे लागतात. बट, बिकॉज, सो, अँड. लिंकिंग वर्ड्स म्हणतात त्यांना. तेवढे शिकून घ्या. मंजीला विचारा."

मंजुषा वसमतला इंग्रजी शाळेच्या बालवाडीत शिकवायला जायची. तिने अर्ध्या तासात काम करून दिलं असतं. पण ज्या मुलीच्या इंग्रजीच्या पेपरांत आपण लहानपणी चुका काढल्या (त्यांतल्या काही खरोखरच चुका होत्या) तिच्यापुढे आता पाटी घेऊन कसं बसायचं? उत्तमरावांनी मोबाइललाच गुरू करायचं ठरवलं.

तसे जोडशब्द त्यांना परके नव्हते. 'ज्याअर्थी अमुक अमुक आहे, त्याअर्थी तमुक करण्यात यावे,' असले ठराव लिहिण्यात त्यांची निम्मी हयात गेली होती. हे शब्द एकटेदुकटे हिंडत नाहीत, हा त्यांचा अनुभव होता. जर आला की मागोमाग तर येतो. जरी आला की तरी येतो. ज्याअर्थीला ठरावात एकटं सोडलं तर साहेब सही करत नसत. मोबाइलमध्ये शोधता शोधता 'इंग्लिश फॉर स्पॅनिश स्पीकर्स' असा एक व्हिडिओ त्यांना दिसला, आणि त्यांनी त्याचा सरळ अर्थ लावला. स्पॅनिश माणसांशी बोलायचं इंग्रजी. म्हशीची पेंड निराळी, कोंबडीचं खाद्य निराळं, तसं देशादेशाचं इंग्रजीही निराळं असणार. आपल्याला नेमकं हवं तेच मिळालं म्हणून त्यांनी मनोमन नागनाथाला हात जोडले.

व्हिडिओत कुरळ्या केसांच्या एक बाई फळ्याशी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "बट." आणि लगेच म्हणाल्या, "पेरो."

उत्तमराव ताठ बसले.

"बिकॉज," बाई म्हणाल्या. "पोर्के."

म्हणजे इंग्रजीतही जोडीच होती तर. जर-तर, तसं बट-पेरो. ज्याअर्थी-त्याअर्थी, तसं बिकॉज-पोर्के. पुढे सो-एन्तोन्सेस निघाला, अँडला ई निघाला. शाळेत मास्तरांनी आपल्याला निम्मंच इंग्रजी शिकवलं याचा त्यांना जरा रागही आला. मधून मधून बाई भडाभडा काहीतरी बोलत आणि त्यातलं अक्षर कळत नसे. पण अस्सल इंग्रजी कळत नसतंच, हे त्यांना दिल्लीच्या एका साहेबांचं भाषण ऐकल्यापासून ठाऊक होतं.

ते दिवस हळद वाळवायचे होते. खळ्यावर उकडलेली हळद पसरली होती आणि तिची राखण करायला घरात कुणी राजी नसायचं. यंदा उत्तमराव आपणहून गेले. कानात इअरफोन, हातात काठी, आणि हळदीभोवती फेऱ्या. "बट-पेरो. बट-पेरो. बराबर. बट-पेरो."

शेजारच्या वावरात त्यांचा चुलतभाऊ भागवत होता. दादांचा पंचायत समितीत अजून वशिला आहे, अशी त्याची पक्की समजूत. तो बांधावर आला. "दादा, उन्हाळा लागून राहिला. आता काय पेरा म्हणता?"

"पेरो," उत्तमराव कानातलं न काढता म्हणाले.

"पाणी सुटून राहिलं का कालव्याला?"

"पेरो," उत्तमराव म्हणाले, आणि पुढच्या फेरीला निघून गेले.

भागवतने त्याच आठवड्यात मूग टाकला.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. दुपारी आशाबाई भाकरी घेऊन खळ्यावर आल्या. उत्तमराव तेव्हा आख्खी वाक्यं घोकण्यापर्यंत पोचले होते, आणि पाठमोरे उभे राहून हळदीला सांगत होते, "लुसिया व्हेरी गुड, बिकॉज, पोर्के..."

"काय म्हणलात? लुसिया काय हाय?"

त्यांनी वळून एका कानातला इअरफोन काढला. बायकोने आपणहून अभ्यासाची चौकशी करावी, याचं त्यांना भरून आलं. "पोर्के," ते म्हणाले.

"पोरके?"

"बराबर. पोर्के."

आशाबाईंचा आवाज उतरला. "दोघं बी?"

"जोडीनंच असतंय ते. एक गेलं की दुसरं मागं थांबत न्हाई."

आशाबाईंनी भाकरीचं फडकं खाली ठेवलं. "अगं माय. अन् कवापासून हो?"

"पहिल्यापासूनच. आपल्यालाच म्हाईत नव्हतं. शिकलेल्या लोकाला म्हाईत असतंय."

"मंग मला काहून न्हाई सांगितलं?"

"तुला कसं सांगू? तू तं विषयच काढू देत न्हाईस."

हे खरंच होतं, म्हणून ते आशाबाईंना जास्त लागलं. त्या भाकरी न वाढताच घरी परतल्या. वाटेत त्यांना रडू आलं. आईबाप एकदमच गेलेलं लेकरू परक्या मुलखात एकटं वाढलं, आणि आपण तिच्या नावाने भांडी आपटत बसलो, याची त्यांना फार लाज वाटली.

घरी आल्याबरोबर त्यांनी जावेला, भागवतच्या पारुबाईला बोलावलं आणि कुणाला सांगू नको म्हणून सगळं सांगितलं. पारुबाईनेही कुणाला सांगितलं नाही. फक्त पीठ दळायला गिरणीत गेली होती तेवढीच.

"आईबाप न्हाईत तं कन्यादान कोण करंल?" गिरणीतून आल्यावर पारुबाई म्हणाली. "आमी बसू की. आमाला तं लेक न्हाईच."

भागवतने कन्यादानाच्या तंद्रीत दाढी केली. आशाबाईंनी सुनेसाठी करून ठेवलेल्या आणि रागाच्या भरात पेटीच्या तळाशी टाकलेल्या पाटल्या वर काढल्या, रिठ्याच्या पाण्याने धुतल्या आणि उन्हात ठेवल्या. घरातलं वारं असं फिरलेलं पाहून उत्तमरावांनी त्याचं श्रेय आपल्या इंग्रजीला दिलं. घरात कुणी इंग्रजी बोलू लागलं की माणसं सुधारतात, असं ते भागवतला म्हणालेसुद्धा.

रविवारी दुपारी तिकडच्या मंडळींशी व्हिडिओवर बोलणं ठरलं. मंजुषाने मोबाइल तांब्याला टेकवून उभा केला. काठापदराची साडी नेसून आशाबाई बसल्या. त्यांच्याशेजारी पारुबाई, पदराचं टोक आधीपासूनच डोळ्यांशी धरून. मागे नवी टोपी घालून भागवत. उत्तमराव मात्र उभे होते, कारण बसून ठराव वाचायची त्यांना सवय नव्हती.

पडद्यावर शिवहार दिसला, त्याच्याशेजारी लुसिया, आणि दोघांच्या मधे आखूड केसांच्या, चष्मा लावलेल्या एक भारदस्त बाई. पाठीमागे एक टक्कल पडलेले गृहस्थ कप घेऊन उभे होते.

"ह्या कोण?" आशाबाईंनी हळूच विचारलं.

"मावशी असंल," पारुबाई कुजबुजली. "तिनंच वाढीवलं असंल बिचारीनं."

आशाबाईंनी त्या बाईंना असे काही कळवळून हात जोडले की तिकडे त्या बाईंचेही डोळे ओले झाले. मग उत्तमरावांनी सुरुवात केली.

"नमस्ते. वुई व्हेरी हॅपी. बट, पेरो, यू व्हेरी लाँग. सन ओन्ली वन. सो, एन्तोन्सेस, मॅरेज हिअर. बिकॉज, पोर्के, हिज मदर क्राय. लुसिया अवर डॉटर, अँड, ई..."

"ई काहून म्हणून राहिले?" आशाबाईंनी त्यांचं धोतर ओढलं. "नावं ठेवल्यावाणी वाटतंय."

पण पडद्यावरच्या बाईंनी दोन्ही हात छातीवर ठेवले होते. त्यांनी लेकीकडे पाहिलं, जावयाकडे पाहिलं, आणि मग कालव्याचं दार उघडावं तशा त्या बोलू लागल्या. थांबेचनात.

"बाबा," मंजुषा हळूच म्हणाली, "हे इंग्रजी नाही."

"तुह्या बालवाडीतलं न्हाई," उत्तमराव म्हणाले. "हे पुढचं हाय."

खरं सांगायचं तर त्यांना घाम फुटला होता. पिलारबाई काय म्हणत होत्या हे शिवहारने मागाहून सांगितलं म्हणून आपल्याला कळतं. त्या म्हणत होत्या की एवढा लांबचा प्रवास आपल्याच्याने होणार नाही. उत्तमरावांना यातलं काही समजलं नाही, पण पाहुणी बोलायची थांबली आणि आपल्याकडे बघते आहे, एवढं समजलं. काहीतरी बोलणं भाग होतं. जवळ होतं ते त्यांनी दिलं.

"पोर्के?"

हाच शब्द स्पॅनिशमध्ये प्रश्नासारखा उच्चारला की 'का?' असा होतो. पिलारबाईंनी विचार केला आणि सांगितलं की त्यांचे गुडघे दुखतात.

"पेरो..." उत्तमराव म्हणाले, आणि पुढचा शब्द शोधू लागले. तो सापडला नाही.

पण... हो, खरंच, पिलारबाई म्हणाल्या, डॉक्टर तर चाललं-फिरलं पाहिजे म्हणतात. मग त्यांनी उन्हाळ्याचं कारण काढलं.

"पोर्के?"

पिलारबाई जरा वरमल्या. ऊन तर वालेन्सियातही काही कमी नसतं, हे त्यांनी स्वतःच कबूल केलं.

"एन्तोन्सेस?" उत्तमरावांनी शेवटचा शब्द काढला. त्याचा अर्थ 'मग?' असा होता. याच्यापुढे त्यांच्याजवळ नुसता ई उरला होता.

पिलारबाईंनी मागे वळून कपवाल्या गृहस्थांकडे पाहिलं. त्यांनी खांदे उडवले. मग त्या पुढे झुकल्या आणि म्हणाल्या, "सी."

"काय म्हणल्या?" आशाबाईंनी विचारलं.

"सी. बघू म्हणल्या."

"बघू म्हणजे न्हाईच की," मागून भागवत म्हणाला, आणि त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

आशाबाईंचा चेहरा पडला. आपण उशिरा शहाण्या झालो, असं त्यांना वाटलं. इतक्यात लुसिया पडद्याच्या अगदी जवळ आली आणि एकेक शब्द उचलून ठेवावा तशी म्हणाली, "आई. लगीन. दारात."

आशाबाईंच्याने आता राहवलं नाही. त्या मोबाइलपाशी सरकल्या आणि पडद्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "लेकरा, तू पोरकी न्हाईस. मी हाय तुही आई."

"पोरकी काहून?" शिवहार म्हणाला. "ह्या तिच्या आई हायेत. मागं कॉफी पिऊन राहिले ते वडील."

कपवाल्या गृहस्थांनी कप उंच करून सगळ्यांना दाखवला.

पारुबाईने डोळ्यांचा पदर सोडला. गिरणीत आता काय तोंड दाखवायचं हा तिचा प्रश्न होता. आशाबाई सावकाश नवऱ्याकडे वळल्या.

"तुमी तं म्हणले जोडीनं गेले."

"मी? मी कुठं म्हणलो?"

"खळ्यावर. पोरके म्हणले. पहिल्यापासून म्हणले."

"अगं, ते तं बिकॉजचं पोर्के."

"कोण बिकॉज?"

मंजुषाने बापाचा हात धरून त्यांना खाली बसवलं. तिकडे पिलारबाईंना वाटलं की घरात आनंदाची गडबड उडाली आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या, सगळ्यांना हात केला आणि निरोप घेतला. मग आशाबाईंनी पाटल्या हातात घेतल्या. "हायेत तं बरंच हाय," त्या म्हणाल्या. "लई बरं हाय. आईबाप काय जास्त होत न्हाईत. पर मी तिची आई होऊन बसले, आता मला मागं फिरता येत न्हाई." त्यांनी पाटल्या फडक्यात बांधल्या, पण पेटीच्या तळाशी नाही, वर ठेवल्या.

लगेच मंजुषाच्या मोबाइलवर शिवहारचा साधा फोन आला आणि तिने तो स्पीकरवर टाकला. हसून त्याचा आवाज बसला होता. "बाबा, तुमी स्पॅनिश कवा शिकले?"

"स्पॅनिश?"

मंजुषाने त्यांच्या मोबाइलमधला तो व्हिडिओ काढला, थोडा पाहिला, आणि भिंतीला टेकून हसत सुटली. हसून झाल्यावर म्हणाली, "बाबा, हे स्पॅनिश लोकांना इंग्रजी शिकवायचं आहे. बट म्हणजेच पेरो. बिकॉज म्हणजेच पोर्के. तुम्ही त्या बाईला अर्धा घंटा 'पण-पण, कारण-कारण' म्हणत होता."

"म्हणजे जोडी न्हाई?" उत्तमरावांनी विचारलं. त्यांना याचंच जास्त वाईट वाटलं.

"पर बाबा, सी म्हणजे हो. काम झालं," फोनवर शिवहार म्हणाला. "त्या म्हणतात, असा समजूतदार माणूस पाह्यला न्हाई. माह्यावर काही लादलं न्हाई, नुसतं का म्हणून इचारलं. आमच्यासाठी आमची भाषा शिकला. सगळ्या गल्लीला सांगून राहिल्या. येणार म्हणतात, अन् एकट्या न्हाई. त्यांच्या बहिणी, मेहुणे, मावश्या, लेकरं. आपली काळीपिवळी भरून टपावर चार बसतील इतके."

"येऊ दे, येऊ दे," आशाबाई म्हणाल्या.

"लग्नाच्या पंधरवडाभर आधी येणार, आपल्या घरीच राहणार. मला काही रजा न्हाई, मी हळदीलाच पोचंल. पर काळजी न्हाई, बाबा हायेत. पिलारबाईंनी तं इंग्रजीचा क्लास बी बंद केला. असलेच व्हिडिओ पाहून राहिल्या होत्या त्या, कुरळ्या केसांच्या एका बाईचे. म्हणल्या, व्याह्याला इतकी छान स्पॅनिश येती, तं आता काय गरज?"

उत्तमरावांच्या डोळ्यांपुढे आपली ओसरी उभी राहिली. ओसरीभर माणसं, सकाळी उठून कुणी संडास विचारतंय, कुणी चहात साखर नको म्हणतंय, कुणी म्हशीला हात लावू का म्हणतंय, आणि सगळे त्यांच्याकडे बघत आहेत.

"अरे पण," ते म्हणाले, आणि सवयीने पुढचं तोंडातून गेलं, "पेरो..."

"व्हय," आशाबाई म्हणाल्या. त्या आधीच पाहुण्यांसाठी वाकळा मोजायला उठल्या होत्या. "इतके दिवस पेरो पेरो करून राहिलते ना खळ्यावर? उगवलं. आता काढा तुमीच."

सगळे आपापल्या कामाला लागले. भागवत मुगाला पाणी कुठून आणायचं ते विचारायला थांबला होता, तोही तसाच गेला. उत्तमरावांनी काठी उचलली, इअरफोन कानात घातले आणि हळदीची राखण करायला खळ्यावर जाऊन बसले. पाहुणे यायला अजून अवकाश होता. माणसाने मनात आणलं तर तेवढ्या वेळात एक भाषा शिकणं काही अवघड नाही, असं त्यांनी ठरवलं आणि मोबाइल उघडला. स्पॅनिश शिकवणारे व्हिडिओ पुष्कळ होते. उत्तमरावांनी एकेक उघडून पाहिला. सगळे इंग्रजीत होते.